गृहभेटीला जाशील तेव्हा

अगं, बालसंरक्षणाच्या कामात पहिल्या गृहभेटीत आधी नजरेत भरते ती गरिबी. पत्र्याची खोली, धुराने काळी झालेली भिंत, एका गोधडीत तीन लेकरं. पण म्हणून लगेच 'घरची परिस्थिती योग्य नाही' असं रिपोर्टात ठोकून देऊ नकोस, कारण त्या एका ओळीवर बालकल्याण समिती (मूल कुठे राहील ते ठरवणारी) पोराला बालगृहात पाठवू शकते आणि मग परत आणायला आईच्या चपला झिजतात. जेजे अ‍ॅक्ट 2015 चं, म्हणजे बाल न्याय कायद्याचं, कलम 3 वाच, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं स्पष्ट लिहिलंय.

बीडकडचंच घे. जोडपं ऊसतोडीला गेलं की पोरं आजीपाशी, म्हणजे कागदावर 'पालक घरी नाहीत'. पण शाळेतली हजेरी बघ, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं ते विचार, आईचा फोन येतो का विचार. अंगणवाडी सेविकेला तर सगळंच माहीत असतं! तिथली खरी धोक्याची गोष्ट वेगळीच असते, तेरा-चौदा वर्षांची पोरगी आणि तिच्या लग्नाची कुजबुज, कारण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती जोडप्याला, ज्याला तिकडे 'कोयता' म्हणतात. तिथे हंगामी वसतिगृहासाठी धावपळ कर, लग्न ठरलंच असेल तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन.

बाप पितो एवढ्यावरून काही ठरत नाही बरं का. पिऊन मारतो का, मारताना मधे पडणारं कोणी आहे का, पोरं रात्री शेजारी झोपायला जातात का? हे सगळं एकावर एक साचत गेलं की मग थांबायचं नाही, मूल ताब्यात घेतलं की 24 तासांत समितीपुढे. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर घरच्यांना बसवून समजावत बसू नकोस, पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) कळवणं बंधनकारकच आहे.

रिपोर्टात 'आई निष्काळजी' असलं काही नको. 'दुपारी दोनला चार वर्षांचा मुलगा एकटा, चूल पेटती' असं लिही. ती एकटीच कमावती असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज तिथेच भरून घे, महिना 2250 रुपये, त्यात कधीकधी घर सावरतं (पैसे वेळेवर येतात असं मात्र मी म्हणणार नाही).

आणि हलवायचंच ठरलं तर भावंडं एकत्र राहतील हे समितीपुढे आधी मांड, दप्तर सोबत घे, आणि आईला भेटायचा दिवस, पत्ता कागदावर लिहून दे, तोंडी सांगितलेलं त्या वेळी तिच्या डोक्यात शिरत नाही.