गाणं देणाऱ्याच्या दारातून घ्यावं

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच आपल्या वडोदऱ्यात, फतेहगंजच्या बाजूला, कागदी चांदण्या लटकू लागतात आणि माझ्याकडे नाताळच्या गाण्यांची विचारणा सुरू होते. यंदा प्रश्न जरा जास्तच आले. बहुतेकांचं मागणं एकच आहे: गाणी नेहमीची नकोत, पैसे न मोजता मिळावीत, पण चोरीची नसावीत. ही शेवटची अट वाचक आता आपणहून घालू लागलेत, याचा मला फार आनंद वाटतो. त्यातले काही प्रश्न आज घेते.

डिसेंबर आला की मॉलपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत तीच पाच-सहा गाणी वाजतात. मोठ्या कंपन्यांशी संबंध नसलेल्या कलाकारांची नाताळची गाणी असतात का? असली तर कुठे मिळतात? (गृहिणी, निझामपुरा)

असतात, आणि ढिगानं असतात. परदेशात घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारे कितीतरी गायक-वादक नाताळात मित्रमंडळींना भेट म्हणून दोन-चार गाणी करून देतात. अमेरिकेचा सुफयान स्टीव्हन्स हे त्यातलं गाजलेलं नाव. 2001 पासून तो आप्तेष्टांसाठी अशी छोटी ध्वनिमुद्रणं करत होता, 2006 साली ती पाच डिस्कच्या संचात बाजारात आली. पण असे संच ज्यांचे कधी निघत नाहीत, तेही दरवर्षी गाणी करतात आणि नेटवर ठेवून देतात. आपल्याला शोधायचेत ते हे लोक.

पहिली जागा बँडकॅम्प. 2008 पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर कलाकार स्वतःचं पान उघडतो आणि किंमत स्वतः ठरवतो. काही जण ‘किंमत तुम्ही ठरवा’ असा पर्याय ठेवतात. तिथे रकमेच्या चौकटीत शून्य टाकलं तरी गाणं मिळतं, फार तर ईमेल पत्ता मागतात. ‘ख्रिसमस’ या टॅगपाशी थांबू नका, कारण तिथे गर्दी फार. त्याला एखादा बाज जोडा: लोकसंगीत, जॅझ, नुसती गिटार, नुसता पियानो. यादी ‘नवीन आधी’ अशी लावा, म्हणजे गाजलेली नावं मागे सरकतात.

दुसरी युक्ती भाषेची. आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. शेजारच्या गुजराती कुटुंबात तर अजून ‘नाताल’च म्हणतात. तोच शब्द रोमन लिपीत टाका, ब्राझील-पोर्तुगालची गाणी समोर येतील. फ्रेंचसाठी ‘नोएल’, जर्मनसाठी ‘वाइनाख्टन’, स्पॅनिशसाठी ‘नाविदाद’. स्पेनच्या पारंपरिक नाताळगीतांना ‘विलान्सिको’ म्हणतात आणि पोलंडच्या ‘कोलेंडा’. कोलेंडांनी मी गेले दोन हिवाळे झपाटलेली आहे. त्यातल्या कित्येक चालींना पाळण्याची संथ लय असते, आणि शब्द कळले नाहीत तरी कुणीतरी बाळाला जोजवतंय एवढं नक्की कळतं.

तिसरी गोष्ट वेळेची. ही गाणी साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून येतात आणि काही जण सण सरताच ती काढून टाकतात. शिवाय बँडकॅम्प कलाकाराला महिन्याला 200 मोफत डाउनलोड देतं, त्यापुढचे त्याला विकत घ्यावे लागतात. म्हणून काल मोफत असलेलं गाणं आज सशुल्क दिसलं तर कलाकाराला नावं ठेवू नका, आणि आवडलं की त्याच दिवशी उतरवून घ्या.

काय हाती लागतं त्याचा एक नमुना सांगते. मागच्या डिसेंबरात एक पियानोवादन सापडलं, जेमतेम तीन मिनिटांचं. वाजवणाऱ्याच्या पायाखाली पेडल दर वेळी बारीक कुरकुरतं. मध्येच बाहेरून खर्र-खर्र आवाज येतो. मला वाटलं ध्वनिमुद्रण खराब झालंय. पानावरची टीप वाचली तेव्हा कळलं की शेजारी फावड्यानं दारातला बर्फ ओढत होता, आणि वादकानं तो आवाज मुद्दाम तसाच राहू दिला होता. स्टुडिओत असं गाणं होत नाही.

मला रील्ससाठी नाताळचं संगीत हवंय. ‘मोफत डाउनलोड’ लिहिलेलं घेतलं तर चालेल ना? (विद्यार्थी, प्रतापगंज)

नुसतं तेवढं लिहिलेलं असेल तर नाही. मोफत ऐकायला मिळणं आणि वापरायची परवानगी असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परवानगी कोणती ते कलाकार पानावर लिहितो, बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या भाषेत. या संस्थेनं 2002 साली तयार परवाने काढले. त्यांतली चार अक्षरचिन्हं ओळखता आली की झालं. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे मूळ गाण्यात बदल करून वाटू नका. ‘एसए’ म्हणजे त्यातून जे कराल तेही याच परवान्याखाली खुलं ठेवा.

आता तुझ्या कामाचं. गाणं चित्रफितीला जोडणं हा या परवान्यांत ‘बदल’च धरतात, गाण्यातला एक सूर हलवला नाहीस तरी. म्हणजे ‘एनडी’चं गाणं रीलला लावता येत नाही. इथे पुष्कळ जण फसतात, कारण त्यांना वाटतं, आपण तर आख्खं गाणं जसंच्या तसं घेतलं. रीलमधून पैसे मिळणार असतील किंवा दुकानाची जाहिरात असेल तर ‘एनसी’ही बाद. मग उरतं ‘बीवाय’, ‘बीवाय-एसए’ आणि सगळे हक्क सोडून दिलेलं ‘सीसी-झिरो’.

अशा कामासाठी फ्री म्युझिक आर्काइव्ह हे संकेतस्थळ बघ. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रानं ते 2009 साली सुरू केलं. तिथे परवान्याप्रमाणे गाणी चाळून घेता येतात. इनकॉम्पिटेक या स्थळावर संगीतकार केव्हिन मॅक्लाउडची वाद्यरचना ‘बीवाय’खाली मिळते, त्यात नाताळच्या चालीही आहेत. श्रेय देताना गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, परवाना आणि दुवा, चारही लिही. आणि एक सवय आत्ताच लावून घे: गाणं उतरवलंस की त्याच फोल्डरमध्ये एक मजकूर फाइल करून पानाचा दुवा, परवाना आणि तारीख टिपून ठेव. पुढे हक्कांची तक्रार आली तर तीच कामी येते.

माझ्या कॅफेत डिसेंबरभर ही गाणी लावू का? (अलकापुरी)

‘एनसी’ असलेली नाही. ‘बीवाय’ किंवा ‘सीसी-झिरो’ असलेली खुशाल लावा. परवाना काहीच लिहिला नसेल तर ते डाउनलोड तुमच्या स्वतःच्या कानांसाठी आहे असं समजा. गिऱ्हाइकांपुढे वाजवणं हे सार्वजनिक सादरीकरण ठरतं आणि त्याला हक्कदाराची परवानगी लागते. कलाकाराला दोन ओळी लिहून विचारा. लहान कलाकार पुष्कळदा आनंदानं हो म्हणतात, फक्त ते लेखी घ्या.

आमच्या चर्चच्या गायकवृंदाला मराठीत कॅरोल्स बसवून त्या नेटवर मोफत द्यायच्या आहेत. कोणती गाणी घ्यावीत? (निवृत्त शिक्षक, फतेहगंज)

सर, या प्रश्नानं मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. इतरांनी गाणी कुठून घ्यायची ते विचारलं, तुम्ही द्यायला निघालात.

गाण्यात हक्कांचे थर असतात: चाल, शब्द, भाषांतर, आणि ध्वनिमुद्रण. प्रत्येक थर वेगळा तपासायचा. भारतात चाल आणि शब्द यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. ‘सायलेंट नाइट’ घ्या. ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावी 24 डिसेंबर 1818 ला ते प्रथम गायलं गेलं, शब्द योझेफ मोर यांचे आणि चाल फ्रान्झ ग्रूबर यांची. ते केव्हाच सगळ्यांचं झालं आहे. ‘जिंगल बेल्स’ 1857 चं, तेही मोकळं. (त्यात नाताळाचा उल्लेख कुठेच नाही, बर्फावरून घोडागाडी हाकण्याचं गाणं आहे ते.) उलट ‘व्हाइट ख्रिसमस’ जुनं वाटलं तरी घेऊ नका. त्याचे कर्ते अर्विंग बर्लिन 1989 साली गेले, म्हणजे आपल्याकडे त्याचे हक्क अजून शाबूत आहेत.

भाषांतर दुसऱ्या कुणी केलेलं असेल तर त्याचा हक्क त्या माणसाचा, मूळ गाणं कितीही जुनं असो. चर्चमध्ये वर्षानुवर्षं गातोय म्हणून ते कुणाचंच नाही, असं होत नाही. उपासनेच्या ओघात गाणं गायलं तर आपला कायदा हरकत घेत नाही, पण रेकॉर्ड करून नेटवर ठेवलं की प्रकरण निराळं. म्हणून दोनच सरळ वाटा. नवं मराठी रूप तुमच्यापैकीच कुणी लिहा. नाहीतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळा. ते 1919 साली गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत, आणि अभंगाच्या छंदात ख्रिस्त त्यांच्याइतका आपला वाटेल असा कुणी लिहिलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. चाल मात्र स्वतःची लावा, किंवा परंपरेतली घ्या.

चार आवाजांची स्वरलेखनं कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी आणि आयएमएसएलपी या दोन संकेतस्थळांवर मोफत मिळतात. मुलांना पाश्चात्य रेघांवरची स्वरलिपी येत नसेल तर अडू नका. 1886 साली गायक-वादक मौलाबक्षांनी याच शहरात संगीतशाळा काढली आणि भारतीय चाली लिपीत लिहून शिकवल्या. आपणही सरगम लिहू या. ‘सायलेंट नाइट’ची सुरुवात अशी: प ध प ग, प ध प ग, मग रें रें नि, सां सां प. तीनच्या लयीत, दादऱ्याच्या अंगानं. मी शाळेत शिकवत असताना पाचवीच्या मुलांनी एका तासात ही ओळ उचलली होती. आणि पियानो नाही म्हणून हिरमुसू नका. 1818 च्या त्या रात्री मोर आणि ग्रूबर यांनी हे गाणं गिटारच्या साथीवरच गायलं होतं.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करा, पण पंखे बंद ठेवून आणि फोन हातात न धरता. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर फाइल चढवताना परवाना निवडायची सोय असते, तिथे ‘बीवाय’ निवडा, म्हणजे दुसरा एखादा गायकवृंदही तुमचं काम वापरू शकेल.

इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या तबकड्यांवरची नाताळगीतं मिळाली. ती मोफतच समजायची का? (रावपुरा)

ऐकायला अवश्य ऐका, फार मौल्यवान ठेवा आहे. पण तिथे फाइल आहे म्हणजे हक्क संपलेत, असं नव्हे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो. 1960 ची तबकडी असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क 2020 संपताना सरला. चाल आणि शब्द मात्र वर सांगितल्याप्रमाणे वेगळे तपासावे लागतात. नव्या, स्वतंत्र कलाकारांसाठी त्याच ठिकाणचा ‘नेटलेबल्स’ विभाग बघा. छोट्या गटांनी मोफत वाटलेली गाणी तिथे परवान्यासकट जपलेली आहेत.

मुलगा कुठल्याही साइटवरून गाणी उतरवतो. व्हायरसची भीती वाटते. (आई, कारेलीबाग)

गाण्याच्या फाइलचं शेपूट एमपी3, फ्लॅक, वेव्ह किंवा ऑग असं असतं, पूर्ण अल्बम असेल तर झिप. शेवटी ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ दिसलं तर ते गाणं नाही, उघडू देऊ नका. गाण्यासाठी आधी ॲप टाका म्हणणारं पानही बंद करायला सांगा. कलाकाराच्या स्वतःच्या पानावरून घेण्याची सवय लागली की हा धोका बराच टळतो.

फुकट घेताना संकोच वाटतो. परतफेड कशी करावी? (मांजलपूर)

पैसे देता आले तर थोडे द्या. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतला 15 टक्के वाटा स्थळाचा असतो, बाकी पैसे व्यवहाराचा खर्च वजा जाता कलाकाराकडे जातात. ठरावीक ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला स्थळ आपला वाटाही सोडतं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या सुरुवातीला ही पद्धत पडली. आपलं कार्ड चाललं नाही तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहा.

आणि पत्र लिहा. तीन वर्षांपूर्वी एका परदेशी गायिकेचं मोफत ठेवलेलं पाळणागीत मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना शिकवलं. तिला कळवलं, सोबत मुलांचं मोबाइलवरचं गाणंही पाठवलं, सूर थोडा हललेला होता तरी. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ते गाणं तिनं आपल्या आईला दोनदा ऐकवलं होतं, आणि दोघींना एकच विचारायचं होतं: मागे सतत घुमणारं ते वाद्य कोणतं? मी तानपुऱ्याचा फोटो पाठवला.