उद्या सकाळी नऊ वाजता

बाळा,

शनिवारी रात्री येऊरच्या बंगल्यावर नशेत, कंडोमशिवाय जे झालं, ते तू मला आज, बुधवारी रात्री कळवलंस. ताई ओरडतील म्हणून गप्प राहिलास, असंही लिहिलंस. ओरडणार नाही. पण मधले दिवस वाया गेले, याची हळहळ जात नाही.

कारण अशा वेळी घड्याळ बघायचं असतं. एचआयव्हीचा धोका वाटला तर पेप नावाची औषधं असतात. ती 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची. ती वेळ आपली टळली. गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळीही जितकी लवकर तितकी उपयोगी, आणि ती कुठल्याही गुप्तरोगापासून वाचवत नाही.

समुपदेशनाच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. बोलता बोलता केसपेपरच्या घड्या घालत तो बोटाएवढा करणारी मुलं समोर बसायची. एक जण दारापर्यंत येऊन तीनदा परत गेला होता. आत आला तेव्हा नववा दिवस होता. आजारापेक्षा ओळखीचं कुणी दिसेल, याचीच त्याला भीती होती.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सगळेच घेत होते म्हणतोस. असतील. त्या पावडरीनं झोप उडते, वासना चढते, आणि खिशातला कंडोम खिशातच राहतो. वर दारू. सोमवारपासून रडू येतंय ना, ती नशा उतरल्यानंतरची मरगळ असू शकते. ती घालवायला पुन्हा एक लाइन ओढावीशी वाटेल. तेव्हा मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

आता सगळ्यात जड गोष्ट. 'ती नाही म्हणाली नाही,' असं तू लिहिलंस. हे वाक्य मी चारदा वाचलं. तिला तेव्हा भान होतं का? नशेत भान नसलेल्या मुलीचा होकार कायदा होकार मानत नाही, आणि मीही मानत नाही. ती बोलायला तयार असेल तर आधी ऐकून घे; स्वतःची बाजू मांडू नकोस. तिला डॉक्टरकडे जायला सोबत हवी असेल, तर माझा नंबर दे.

एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, काही मोजके अपवाद सोडले तर, तुझा रिपोर्ट तुझ्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. आता एक चाचणी, तीन महिन्यांनी पुन्हा एक, आणि तोवर कंडोमशिवाय कुणाशीही संबंध नाही.

उद्या सकाळी नऊला वाशी स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी उभी असेन. नाश्ता करून ये.

तुझी ताई