स्लो का उतरत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी १९९६ची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. इंजिन गरम झाल्यावरही गाडी रेस राहते. मेकॅनिकने स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते तो वेग) ठरवणारा स्क्रू सैल केला, तर सिग्नलला बंद पडते. काय करावे?

उत्तर : स्लो स्क्रूला आता हात लावू नका. स्लो चढलेला असतो तेव्हा इंजिनात हवा-पेट्रोलचे जास्तीचे मिश्रण किंवा हवा कुठून तरी जात असते. ती वाट शोधायची आणि स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. आपल्या गाडीचा स्क्रू कुणीतरी दुसरा दोष झाकायला आधीच आवळलेला असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच तो सोडला की इंजिन बंद पडते.

हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एअर फिल्टरचे डबडे काढा. ते काढताना सुटलेल्या व्हॅक्यूम नळीचे तोंड बंद करायला विसरू नका, नाहीतर दोष आपणच तयार कराल. आता थ्रॉटलचा (इंजिनात जाणारे मिश्रण कमीजास्त करणाऱ्या झडपेचा) लिव्हर बोटाने बंद होण्याच्या दिशेने दाबा. स्लो उतरला, तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही हे नक्की. ॲक्सिलरेटर केबलचे टोक लिव्हरवरून काढून पाहा. केबल काढल्यावर स्लो उतरत असेल, तर ती ताणलेली आहे किंवा आतून गंजून अडकते आहे. बोटाने दाबल्यावर केबलला थोडी ढील जाणवायलाच हवी. केबल ठीक असेल तर रिटर्न स्प्रिंग पाहा. चोकही (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पाहा : डॅशबोर्डवरचे बटण आत गेले म्हणजे कार्ब्युरेटरवरची पट्टी सुटली असे नसते. चोकच्या कॅमवर लिव्हर टेकून राहिला, तर स्लो चढलेलाच राहतो. एसीच्या गाडीत स्लो वाढवणारा डायफ्रामही असतो. एसी बंद केल्यावर त्याचा दांडा मागे जातो का, ते बघा.

लिव्हर दाबूनही फरक पडला नाही, तर गळती शोधा. चोक अगदी थोडा ओढा. अडखळणारे इंजिन त्याने सुरळीत झाले, तर खालून कुठेतरी फुकट हवा ओढली जाते आहे. नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी फडक्यात धरून पकडीने दाबा. नळी दाबताच आवाज बदलला, तर दोष तिच्यात किंवा तिच्या टोकाच्या भागात आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाची गॅस्केट आणि मॅनिफोल्डचा (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्याचा) जोड यांवर पाण्याची बारीक फवारणी करा. पाणी क्षणभर फट बुजवते आणि आवाज बदलतो. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका. अनेकजण इथे पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेऊ शकते, कृपया करू नका. थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून पाहा : जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्याचे भोक झिजलेले असते. त्यावर स्क्रूने इलाज नाही, बुश बसवून घ्यावे लागते किंवा कार्ब्युरेटर बदलावा लागतो.

हे सगळे झाले की मगच स्लो लावा. एसी आणि दिवे बंद, चोक पूर्ण आत. या गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे टॅकोमीटर जोडूनच आकडा पाहा. ८५०च्या आसपास ठेवा. मिक्सर स्क्रू (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) कानाने नव्हे, तर पीयूसीच्या यंत्रावर लावा. आपल्या वर्षाच्या गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे ओढलेले असेल तरी स्लो चढतो, तेव्हा स्ट्रोब लाइटने तेही तपासून घ्या.

प्रश्न : २००५ची वॅगन आर, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी). थ्रॉटल बॉडी साफ केल्यापासून आरपीएम १,५००वर राहतो.

उत्तर : आधी गॅस्केट आणि सुटी राहिलेली नळी पाहा. या इंजिनात जास्तीची हवा आली, की ईसीयू (इंजिनाचा संगणक) तिच्या मानाने पेट्रोलही वाढवतो, म्हणून कार्ब्युरेटरसारखे अडखळणे न होता थेट आरपीएम चढतो. गळती नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार १५ मिनिटे काढून ठेवा. मग एसी बंद ठेवून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू द्या. तरीही फरक नाही? मग आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लोसाठी हवा कमीजास्त करणारी झडप) घाणीने अडकलाय का आणि कूलंट कमी आहे का, ते पाहा. तापमानाचा सेन्सरही मोजा : २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना सुमारे ०.३. गरम इंजिनातही आकडा मोठाच राहिला, तर ईसीयूला इंजिन थंडच वाटते. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कंपनीने लावलेला असतो, तो फिरवू नका.

प्रश्न : जुनी स्प्लेंडर वळणावर आपोआप रेस होते.

उत्तर : केबलच ताणली जाते आहे. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आवाज बदलला, तर केबलचा मार्ग सुधारा आणि मुठीला २ ते ६ मिमी ढील ठेवा. हे आजच करा, वळणावर अचानक रेस झालेली गाडी सावरता येत नाही.