विमानाची धास्ती

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मोपाहून विमानाने जायचंय. पहिलीच वेळ. नुसत्या विचाराने तळहात ओले होतात.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, मीही पहिल्या वेळी नवऱ्याचं मनगट सोडलं नव्हतं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि पोटात खड्डा पडला. आता संपलं, असंच वाटलं! पुढे कळलं, पुरेशी उंची गाठल्यावर वैमानिक मुद्दामच इंजिनाचा जोर कमी करतात. त्याआधी खालून दणका ऐकू येतो, तो चाकं आत जाण्याचा. हे आधी माहीत असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती, म्हणून आवर्जून सांगतेय.

हादरे बसले तर मालवणहून किल्ल्यावर जाणारी होडी आठवा. लाटेवर ती हलते, तसंच विमान हवेच्या प्रवाहात हलतं. पट्टा बांधलेलाच ठेवा. पंखांजवळची जागा मागा, तिथे हादरे कमी जाणवतात. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. उतरताना कानांना दडे बसतात. पर्समध्ये आवळा-सुपारी असू द्या, चघळत गिळत राहा. आणि पहिलीच वेळ आहे, हे हवाई सुंदरीला बिनधास्त सांगा.