वाचकांचे प्रश्न : मातीच्या छपाईत (गिलाव्यात) शेण किती?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर आहे. वावरातील काळी माती आणि शेण कालवून यंदा भर उन्हाळ्यात छपाई केली. परंतु वाळताच तडे गेले. शेण वाढवावे काय? ताजे घ्यावे की उकिरड्यावरचे? की सरळ सिमेंटचे प्लास्टर करावे?

उत्तर : दोष शेणाचा नसून मातीचा आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना फार आक्रसते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा आपण पाहतच असाल. शेणातील न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात हे खरे, पण एवढे आक्रसणे त्यांना आवरत नाही. म्हणून पडक्या भिंतींची किंवा गावाजवळची पांढरी माती चाळून घ्यावी. मात्र जिच्यावर खारी (क्षारांचा पांढरा थर) फुलते, ती टाळावी.

तीन घमेली माती आणि एक घमेले शेण हे प्रमाण सुरुवातीला ठीक असून, माती चिकट असल्यास वाळू आणि गव्हाचे बारीक कुटार (भुसा) वाढवावे. शेण ताजेच हवे, कारण उकिरड्यावर कुजलेल्या शेणातील तंतू उरलेले नसतात. कडबा खाणाऱ्या जनावराचे शेण उत्तम. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर ते पातळ पडते आणि त्यात तंतूही कमी असतात. कालवलेला चिखल काही दिवस झाकून मुरू द्यावा, म्हणजे तो लोण्यासारखा पसरतो. वास येतो, तो छपाई वाळल्यावर जातो. आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर तुकडा लिंपून वाळू द्यावा आणि तडा न गेल्यासच पुढे जावे. एप्रिल-मे महिन्यांत वरचा थर झपाट्याने वाळून तडकतो. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला अधिक सोयीचे.

सिमेंट मुळीच नको. मातीची भिंत ओल घेते व सोडते. सिमेंटखाली ती ओल अडकते आणि कालांतराने प्लास्टर पोपडे धरून सुटते. शेणामुळे छपाई पाण्याला थोडी अधिक टिकते, जलरोधक होत नाही. सेवाग्राम आश्रमातील १९३० च्या दशकातील मातीच्या कुट्या आजही उभ्या आहेत, त्या नियमित डागडुजीमुळे आणि भिंतींवर पुढे आलेल्या छपरामुळे. आपल्याकडे कवेलूंची वळचण आखूड असेल तर आधी ती वाढवावी, आणि भिंतीच्या पायाशी पाणी साचू देऊ नये.

शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला जखम असल्यास हातमोजे घालूनच चिखल कालवावा.