मुंबईत पॅरामेडिक व्हायचं असेल तर कोर्स कोणता घ्यावा आणि पुढे काय?

तुम्ही विचारलंय की बारावी सायन्स झालीय, नीटच्या मागे आणखी वर्ष घालवायचं नाही, अँब्युलन्सवर काम करायची मनापासून इच्छा आहे. मुंबईत राहून पॅरामेडिक होता येईल का, कोर्स कोणता घ्यावा आणि पुढे परदेशात जाता येतं का? मी याच शहरात आधी कॅज्युअल्टीत आणि मग अँब्युलन्सवर काम करत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होता येईल. कोर्स निवडताना मात्र एकच प्रश्न लावून धरा: शिकत असताना पेशंटला हात लावायला किती मिळणार? इमारत, युनिफॉर्म, प्लेसमेंटचे फोटो यांकडे नंतर बघा. कॅज्युअल्टी, आयसीयू, लेबर रूम आणि अँब्युलन्स या चारही ठिकाणी पोस्टिंग आहे का, कोणत्या हॉस्पिटलात आहे, किती तासांचं आहे, हे प्रवेशाआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका. शक्य झाल्यास तिथे आत्ता शिकत असलेल्या दोन मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि त्यांनाच विचारा. ती खरं सांगतात.

‘पॅरामेडिकल कोर्स’ एवढंच लिहिलेली जाहिरात नीट वाचा. लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर असिस्टंट हे सगळं त्यात येतं. चांगलीच कामं आहेत ती, पण अँब्युलन्सची नव्हेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी कोर्स, बारावी सायन्सनंतर करता येतो, पण त्यातही शाखा वेगवेगळ्या असतात. तुमच्या कॉलेजात कोणती शाखा आहे ते बघूनच फॉर्म भरा. दुसरीकडे ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन)-बेसिकसारखे काही महिन्यांचे स्किल सर्टिफिकेट कोर्स आहेत. त्यावर सुरुवातीची नोकरी मिळू शकते, पण तिथेच थांबायचं असं कृपया ठरवू नका.

त्याला कारण आहे 2021 चा कायदा. त्या वर्षी केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा (डॉक्टर-नर्सखेरीज इतर आरोग्य व्यवसायांचा) राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिकचं नाव आलं. आपल्या कामाला कायद्यात जागा मिळाली, याचा मला खरोखर आनंद झाला. या कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण धरलंय आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान 3600 तासांची पदवी. राज्यांच्या कौन्सिलकडे नोंदणी होणार हेही त्यात आहे. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट या मापात कुठे बसणार, ते तुम्हीच बघा. घरची परिस्थिती असेल तर पदवी किंवा पूर्ण डिप्लोमाच घ्या. नसेल तर सर्टिफिकेटवर नोकरी धरा आणि पुढच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकत राहा.

आता कामाबद्दल. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं: मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटिमीटर खाली जाणं, तीस दाबांनंतर दोन श्वास, हे कुठल्याही क्लासमध्ये पुतळ्यावर शिकवतात. मुंबईत ते करायचं असतं चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत. तिथे पहिला निर्णय औषधाचा नसतो, पेशंटला ओढून जरा मोकळ्या जागेत आणायचं कसं हा असतो. मग जिना. जुन्या इमारतींचे जिने अरुंद आणि वळणाचे, नव्या टॉवरमध्येही बऱ्याच लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही. छातीत दुखणारा माणूस ‘मी येतो ना चालत’ म्हणतो आणि घरचेही त्याला धरून उतरवायला निघतात. त्याला चालू द्यायचं नाही, खुर्चीत बसवून उतरवायचं. आडवा न्यायचा असेल तर जिना उतरताना पाय पुढे, डोकं वर. हे एका दुपारी समजतं, पण जमायला महिने जातात, आणि पाठ सांभाळून उचलायला पहिल्या दिवसापासून शिकला नाहीत तर पुढे तुमचीच पाठ जाते.

रेल्वेचे अपघात हे या शहराचं वेगळंच दुःख आहे. लोकलमधून पडलेला किंवा रूळ ओलांडताना धडक बसलेला माणूस तुमच्याकडे येईल तेव्हा स्टेशनवरचे हमाल आणि रेल्वे पोलीस बरोबर असतील, भोवती गर्दी असेल. आधी रक्त थांबवायचं: घट्ट दाब, आणि हात किंवा पाय तुटला असेल तर टूर्निकेट (जखमेच्या वर आवळायचा पट्टा), ते बांधल्याची वेळ लिहून. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवायचा आणि ती पिशवी बर्फावर. तो भाग थेट बर्फात टाकायचा नाही. मानेला कॉलर, जखमांची नोंद, आणि हे सगळं चालू असताना पेशंटशी बोलत राहायचं. शुद्धीत असलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, ‘माझ्या घरी कळवलं का?’ त्याला उत्तर द्या.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलं की नेहमीचा रस्ता विसरा. आमच्याकडे अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि चांगला पायलट तुमच्या निम्म्या शिक्षणाइतका मोलाचा असतो. त्याच्याशी सुरुवातीपासून आदराने वागा. गल्लीबोळांत चारचाकी शिरतच नाही, म्हणून 2017 मध्ये मुंबईत बाइक अँब्युलन्स सुरू झाल्या. तिथे तुम्ही एकटे असता आणि मोठी गाडी येईपर्यंत सगळे निर्णय तुमचेच. दहीहंडीच्या दिवशी मान आणि पाठीच्या दुखापती येतात. चार उत्साही पोरांनी बगलेत हात घालून उचललेला गोविंदा बघितला की काळजात धस्स होतं, कारण मणका हलवायचा नसतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि हँडओव्हर, म्हणजे पेशंट डॉक्टरच्या हवाली करताना त्याची माहिती देणं. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. केईएम, सायन, नायर, कूपर, कुठलीही कॅज्युअल्टी घ्या, तिथल्या डॉक्टरकडे तुमच्यासाठी फार वेळ नसतो. त्या थोड्या वेळात तुम्ही काय सांगता यावर पेशंटचं पुढचं अवलंबून असतं. अर्धांगाचा पेशंट असेल तर ‘सकाळपासून असं आहे’ हे पुरत नाही. तो शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ हवी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि घड्याळ त्या वेळेपासून मोजतात. बायकोला विचारा, शेजाऱ्यांना विचारा, दूध घ्यायला खाली आला होता का ते विचारा. शिवाय बोटातून थेंब घेऊन साखर तपासलेली असू द्या, कारण साखर उतरलेला माणूसही हुबेहूब अर्धांग झाल्यासारखा दिसू शकतो. ही माहिती हॉस्पिटलात बसून मिळत नाही, ती फक्त घरी पोहोचलेल्या माणसाकडे असते. आपण नुसते पेशंट उचलून आणणारे नाही, हे मला इथेच पटलं.

नोकऱ्यांचं चित्र सरळ सांगते. राज्याची 108 सेवा 2014 पासून आहे आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर असतात, बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस. त्यामुळे इतर काही राज्यांत ईएमटी जी जागा भरतात, ती इथे त्यांच्याकडे आहे. आपल्यासाठी मुंबईत जास्त संधी खासगी अँब्युलन्स सेवा, हॉस्पिटलच्या स्वतःच्या गाड्या, कॅज्युअल्टी, कारखाने आणि बांधकामाच्या साइट, मॅरेथॉनसारखे कार्यक्रम इथे असतात. सुरुवातीचा पगार कमी असतो, बऱ्याच ठिकाणी बारा तासांची ड्यूटी आणि कंत्राट असतं. घर एकट्या तुमच्यावर असेल तर हे आईवडिलांशी बोलून मगच ठरवा. पहिली नोकरी शक्यतो गर्दीच्या कॅज्युअल्टीत घ्या, थोडा पगार कमी मिळाला तरी. तिथे एका वर्षात जितकं दिसतं तितकं शांत ठिकाणी कित्येक वर्षांत दिसत नाही. मुलींनी तर नक्कीच यावं. बाळंतपणाच्या किंवा मारहाणीच्या केसमध्ये गाडीत एक बाई आहे हे बघूनच पेशंटचा श्वास सुटतो.

परदेशाचं विचारलंय. आखातात परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि डिग्री, अनुभव ही कागदपत्रं मूळ संस्थेकडून पडताळली जातात. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक म्हणवून घ्यायला एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, ऑस्ट्रेलियातही 2018 पासून नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा पदवीशिवाय तिकडचा विचार धरू नका. कुठेही जायचं असलं तरी आजपासून दोन सवयी लावा. पोस्टिंगचं लॉगबुक रोजच्या रोज भरून वरिष्ठांची सही घ्या आणि नोकरी सोडताना पद, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र हातात आल्याशिवाय निघू नका. बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स) यांची अमेरिकन हार्ट असोसिएशनची कार्डं दोन वर्षांनी संपतात, ती संपायच्या आधी नवीन करून ठेवा. तुमच्या भागातल्या एखाद्या कॉलेजचं नाव मनात असेल तर खाली लिहा, त्यांना पोस्टिंगबद्दल नेमकं काय विचारायचं ते सांगते.