वरचे, खालचे आणि मधला स्लॅब

या वेळच्या पत्रांत गळती आणि आवाज यांचीच गर्दी आहे. खर्च कोणी करायचा याचे नियम जागोजागी वेगळे असल्यामुळे तो भाग बाजूला ठेवला आहे. दोष नेमका कुठे आहे आणि तो निघतो कसा, एवढंच पाहू. पहिली दोन पत्रं वेगवेगळ्या घरांतून आली असली तरी भांडण एकच आहे, म्हणून ती लागोपाठ घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छतावर ओलीचा मोठा डाग पडला आहे. वरचे म्हणतात, "आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे, तुमच्याच भिंतीतला पाइप फुटला असेल." तोडफोड न करता खरं-खोटं करता येईल का?

बहुतेक वेळा येतं. मात्र त्यासाठी चार-पाच दिवस द्यावे लागतात आणि वरच्यांची साथ लागते. फरशी कोरडी दिसते यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण पाणी लादीच्या खालून जातं.

आधी डागाची कड पेन्सिलनं आखून घ्या आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाहा, कड सरकते का आणि कधी सरकते. डाग रात्रंदिवस सारखाच ओला असेल, वरचे गावाला गेले तरी फरक पडत नसेल, तर संशय दाबाखाली असलेल्या नळाच्या लाइनवर. वापरानंतर तासा-दोन तासांत ओल वाढून नंतर सुकत असेल, तर सांडपाण्याचा पाइप किंवा लादीचे सांधे. फक्त पावसानंतर वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा शाफ्ट (पाइप जातात ती उभी मोकळी जागा), आणि अशा वेळी वरच्यांचा काही संबंध नसण्याचीही शक्यता बरीच. थंड पाण्याचा उघडा पाइप छताखालून जात असेल तर त्यावर नुसतं दव धरून थेंब पडतात. पाइप फडक्यानं कोरडा पुसा आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहा. पाणी सांध्याशी न दिसता अख्ख्या लांबीवर बारीक थेंबांत दिसलं, तर ती गळती नव्हे.

यानंतर तीन चाचण्या, याच क्रमानं.

पहिली मीटरची. वरच्या घरातले सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन आणि फ्लशही वापरू नका. मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. लगेच भिंत फोडायला घेऊ नका. आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलं आहे. ते पाणी सरळ ड्रेनेजमध्ये जातं, तुमच्या छतात नाही. घराला स्वतंत्र मीटर नसेल तर त्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून सकाळी डाग पाहा. हीच चाचणी तुमच्या घरातल्या लाइनवरही करून घ्या. आरोप तुमच्या पाइपावर आहे, आणि वरच्यांना तपासायला सांगताना ते बरं दिसतं.

दुसरी रंगाची. बेसिन, कमोड आणि नहाणी ट्रॅप यांत वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडा, प्रत्येक वेळी निदान एक बादली. एकाच दिवशी सगळे रंग ओतले तर खाली येतो तो मातकट रंग, आणि मग वाद आणखी वाढतो. स्लॅबमधून झिरपताना रंग फिका पडतो, म्हणून छताला पांढरा टिश्यू कागद लावून पाहा. खाली रंग आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर मात्र "गळती नाही" असा निष्कर्ष काढू नका.

तिसरी आणि सर्वांत बोलकी, पाणी साठवण्याची. नहाणी ट्रॅपचं तोंड रबरी बुचानं किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्यानं घट्ट बंद करा. बाथरूममध्ये २५ ते ३० मिलिमीटर पाणी भरा, पण उंबरठ्याच्या खालीच ठेवा, नाहीतर पाणी खोलीत जाईल. पातळीची खूण भिंतीवर करा आणि २४ तास, जमल्यास ४८ तास तसंच राहू द्या. शेजारी तेवढ्याच पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते कळेल. जमिनीवरची पातळी भांड्यापेक्षा जास्त उतरली आणि खाली डाग वाढला, तर दोष लादी, सांधे किंवा ट्रॅपच्या भोवतालचा जोड यांत आहे. पातळी उतरली, पण डाग तसाच, तर आधी बूच तपासा. निम्म्या वेळा तेच सैल असतं.

एक महत्त्वाचं. डाग जिथे आहे त्याच्या बरोबर वरच दोष असेल असं धरून चालू नका. पाणी स्लॅबचा उतार धरतं, सळीच्या किंवा विजेच्या नळीच्या कडेनं सरकतं आणि दुसऱ्याच कोपऱ्यात उतरतं. डागाजवळ दिवा असेल तर नुसतं बटण बंद करू नका, त्या सर्किटचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा खटका) पाडून ठेवा.

प्रश्न : आम्ही वर राहतो. खालच्यांच्या सांगण्यावरून लाद्यांचे सांधे भरून घेतले. आठवडा झाला तरी त्यांचा डाग तसाच आहे आणि ते म्हणतात, काम बोगस झालं. आता पुन्हा सगळं उकरायचं का?

इतक्यात नाही. लादीच्या खाली जो भराव असतो तो पाणी धरून ठेवतो. वरून येणारं पाणी पूर्ण थांबलं तरी आत साठलेलं उतरायला आणि सुकायला तीन-चार आठवडे सहज जातात. भराव जाड असेल तर त्याहून अधिक. तोपर्यंत "डाग आहे का" हा प्रश्नच चुकीचा. कड बाहेर सरकते आहे की आत येते आहे, ते विचारा. खालच्यांनी मधल्या काळात रंग लावू नये. ओल आत कोंडली की नवा रंगही पोपडे धरतो. पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. पाणी सुकताना मागे राहिलेले ते क्षार आहेत, कोरड्या ब्रशनं झाडून टाका.

चार आठवड्यांनंतरही कड पुढेच जात असेल तर सांधे हे कारण नव्हतं. मुळात ग्राउट सांधा भरतं, पाणी अडवत नाही. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू झिरपतच असतं आणि अडवण्याचं काम खालच्या थराचं असतं. एपॉक्सी ग्राउट बरं, पण ट्रॅपचा जोड उघडा असेल तर त्याचाही उपयोग शून्य. म्हणून स्वस्तापासून सुरुवात करा : ट्रॅप आणि पाइप यांचा जोड, कमोडमागचा रबरी कनेक्टर, बेसिनचा वेस्ट पाइप, नळ भिंतीत जातो तिथली फट. हे सगळं नीट असूनही पाणी साठवल्यावर डाग वाढला तरच लाद्या काढा.

लाद्या काढल्याच तर काम अर्धवट करू नका. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलसर वाटा (गोलाई) काढून घ्या, काटकोनात कोटिंग पहिल्यांदा फाटतं. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेनं. भिंतीवर ते सगळीकडे ३०० मिलिमीटर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याइतक्या उंचीपर्यंत न्या. कोटिंग पक्कं झालं की लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून ठेवा, आणि ते पाहायला खालच्यांना बोलवा. या एका चाचणीनं पुढचे वाद वाचतात, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

खालून छताला वॉटरप्रूफ प्लास्टर मारून घ्या असा सल्ला तुम्हा दोघांनाही मिळेल. आमचं मत स्पष्ट आहे : नको. डाग झाकला जातो, पाणी स्लॅबमध्येच राहतं आणि आतली सळी गंजते. गंजलेली सळी फुगते आणि छताचा गिलावा पडतो.

प्रश्न : शेजारच्यांचं वॉशिंग मशीन रात्री फिरायला लागलं की आमचा पलंग थरथरतो. ते म्हणतात, मशीन नवं आहे, आवाज होणारच.

नव्या मशीनमध्येच पाहण्यासारखी गोष्ट आहे. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या मागे, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लांब बोल्ट लावलेले असतात. ते न काढता मशीन चालवलं तर सुकवताना अख्खं मशीन नाचतं आणि लवकर बिघडतंही. बोल्ट काढलेले असतील तर पातळी पाहा : वरच्या पत्र्यावर लेव्हल दोन्ही दिशांनी ठेवून पाय जुळवा आणि मग लॉकनट आवळा. नट सैल राहिला तर काही दिवसांत पाय पुन्हा फिरतो. शेवटी कोपरे आलटून पालटून दाबा. मशीन डुलता कामा नये. एकच जाड चादर टाकली तर ती एका बाजूला गोळा होते, तिच्यासोबत दोन-तीन कपडे टाकायला सांगा.

रबरी पॅड लावताना कडक घेतले तर उपयोग होत नाही. मशीनच्या वजनानं ते थोडे तरी दबले पाहिजेत. आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांवर सुकवणं म्हणजे सेकंदाला २० धक्के. इतकी खालची कंपनं भिंतीतून आणि स्लॅबमधून आरामात जातात. तुमच्या भिंतीला फोम लावून ती थांबणार नाहीत, ती उगमाशीच कमी करावी लागतात. फेऱ्या ८०० वर आणल्या तर कपडे थोडे ओले निघतील, पण धक्का बराच कमी होईल.

प्रश्न : मोबाइलवर आवाज मोजला तर ३८ डेसिबल आला. शेजारी तो आकडा दाखवून म्हणतात, "एवढा तर पंख्याचाही येतो."

दोघांनीही त्या आकड्यावर फार विसंबू नये. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो आणि मोजणारी ॲप बहुधा ए-वेटेड आकडा देतात. त्यात खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे बासचा ठोका किंवा पंपाची घरघर, मुद्दाम कमी धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहात रात्रीच्या सलग आवाजासाठी ३० आणि एकेका आवाजासाठी ४५ डेसिबल असे वेगळे आकडे आहेत. तेव्हा ३८ हा रात्रभराचा आहे की क्षणाचा, हे आधी ठरवा. त्यापेक्षा दोन आठवड्यांची वही ठेवा : तारीख, सुरू-बंदची वेळ, आवाजाचा प्रकार, खिडकी उघडी की बंद. "रोज रात्री त्रास होतो" याला उत्तर देता येत नाही, "मंगळवार आणि शुक्रवार, ११.२० ते ११.५०" याला देता येतं. बहुतेकदा त्यातून कोणत्या यंत्राचा आवाज आहे तेही निघतं.

प्रश्न : समोरच्यांचा अंगणातला दिवा थेट आमच्या खिडकीत येतो. त्यांना सुरक्षेसाठी तो हवाच आहे.

दोन्ही जमतं. दिव्याचं तोंड खाली वळवा, तुमच्या बाजूला पत्र्याची आड लावा आणि हालचाल टिपणारा सेन्सर बसवा. पांढराफेक दिवा काढून २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर लावला तर डोळ्यांना कमी खुपतो. चकाकणारा दिवा राखणीलाही वाईटच, कारण पाहणाऱ्याचे डोळे दिपतात आणि सावलीतलं काही दिसत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या झाडाची मुळं आमच्या ड्रेनेज पाइपात शिरली. झाड तोडावं असं आमचं म्हणणं आहे.

झाड तोडलं तरी पाइप तुटलेलाच राहील. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत. जोडातून किंवा तड्यातून ओल बाहेर येते, तिथे ती वाढतात आणि आत घुसतात. आधी पाइपात कॅमेरा घालून जागा पाहा, मुळं कापून काढा आणि लगेच तो जोड बदला. नुसती मुळं काढली तर ती त्याच वाटेनं परत येतील. फांद्यांचाही त्रास असेल तर एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागाहून अधिक छाटू नका. जाड फांदी कापताना खोडापासून थोडं दूर आधी खालून अर्धवट काप घ्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवा आणि उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापा. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची सालही सोलून नेते.